लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वीचे पायाचे चिवट दुखणे : स्वरूप, कारणे आणि निर्णय

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील कंधार हा बालाघाटच्या डोंगररांगेतील, चढउतारांचा आणि प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा तालुका होय. येथील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. त्यांपैकी काही पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करीत असतात, तर काही महाविद्यालयाच्या क्रॉसकंट्री संघात स्थान मिळविण्यासाठी झटत असतात. प्रत्यक्षात हे दोन उद्देश फारसे वेगळे नसतात. महाविद्यालयीन संघातून विद्यापीठाच्या संघात, तेथून वरच्या स्पर्धांमध्ये आणि पुढे गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी शासकीय सेवेत असलेल्या ५ टक्के समांतर आरक्षणापर्यंत पोहोचण्याची आशा या धावण्यामागे असते. ज्या घरात तीन-चार एकर जिरायतीशिवाय दुसरे साधन नाही, त्या घरात धावणाऱ्या मुलाचा पाय हे कुटुंबाचे भांडवलच असते.

या पार्श्वभूमीवर शर्यतीला तीन-चार आठवडे उरले असताना नडगी, टाच किंवा गुडघा दुखू लागणे ही केवळ शारीरिक तक्रार राहत नाही. दुखणे पडल्याझडल्याचे नसते, सूज दिसत नाही, चालताना फारसा त्रास होत नाही. पण धावू लागताच ते डोके वर काढते. विश्रांती घ्यावी तर तयारी वाया जाईल ही भीती, आणि धावावे तर पायच जाईल ही दुसरी भीती. शर्यतीची तारीख तर कोठेतरी दूर ठरलेली असते. ती कोणाच्या नडगीसाठी थांबत नाही. अशा चिवट दुखण्याचे स्वरूप काय असते, त्यातील कोणते सोसता येते आणि कोणते मुळीच सोसू नये, तसेच हाती असलेले मोजके आठवडे कसे वापरावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठवाड्यातील एक उदाहरण

या विषयाचे सर्वांत जवळचे आणि बोलके उदाहरण मराठवाड्यातच सापडते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी शेतकरी कुटुंबात झाला. वाहनाची सोय नसल्याने घर ते शाळा हे सुमारे सहा किलोमीटरचे अंतर ते बालपणी चालत वा धावत पार करीत. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनसह विविध ठिकाणी सेवा बजावल्यानंतर २०१५ मध्ये ते क्रॉसकंट्रीकडे आणि त्यानंतर ३००० मीटर स्टीपलचेस या प्रकाराकडे वळले.

२०१८ हे वर्ष त्यांच्यासाठी निर्णायक ठरण्याची चिन्हे होती. त्या वर्षी जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा होत्या. परंतु घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांची पात्रता हुकली आणि स्पर्धा त्यांच्याविनाच पार पडल्या. ज्या स्पर्धा चार वर्षांतून एकदा येतात, त्या हुकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम असा त्यांचा प्रवास झाला.

दुखापतीने त्यांची पाठ पुढेही सोडली नाही. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील डायमंड लीग स्पर्धेत पाण्याच्या अडथळ्यावर त्यांच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याच वर्षीची टोकियो येथील जागतिक स्पर्धा हुकली. मोनाकोतील इजा ही अपघाती होती. ती एका क्षणात झाली आणि तिच्याबाबत धावावे की थांबावे असा प्रश्नच उद्भवला नाही. कंधारच्या रस्त्यावरील मुलांपुढे जो प्रश्न असतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अतिवापरातून हळूहळू वाढणाऱ्या इजेचा. तिचा निश्चित दिवस सांगता येत नाही, म्हणूनच तिच्याबाबतचा निर्णय पुढे पुढे ढकलला जातो.

हाड दुखते म्हणजे काय होते

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. दहा किलोमीटरच्या धावेत अशी सुमारे आठ-नऊ हजार पावले पडतात. हा भार एका वेळी हाड मोडण्याइतका मुळीच नसतो. मात्र तो पुन्हा पुन्हा पडत राहतो. त्यामुळे हाडात अतिसूक्ष्म भेगा निर्माण होतात. हे बिघडल्याचे लक्षण नव्हे. या भेगांमुळेच शरीराला त्या जागी दुरुस्तीची गरज असल्याचा संदेश मिळतो आणि दुरुस्तीनंतर हाड पूर्वीपेक्षा बळकट होते. सरावाने हाडे मजबूत होतात ती याच रीतीने.

अडचण आहे ती दुरुस्तीच्या क्रमात. शरीर प्रथम जुने, भेगाळलेले हाड काढून टाकते आणि मगच त्या जागी नवे भरते. काढण्याचे काम साधारणतः तीन आठवड्यांत उरकते, तर भरण्याचे काम तीन महिन्यांच्या आसपास चालते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घराशी याची तुलना करता येईल. कुजलेली तुळई काढली, नवी अद्याप बसविली नाही आणि तेवढ्यातच छतावर धान्याची पोती रचली, तर छत खचणारच. सराव अचानक वाढविल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते, याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. त्या काळात दमश्वास सुधारलेला असतो, वेळही कमी झालेली असते, त्यामुळे धावणाऱ्याला आपण उत्तम स्थितीत असल्यासारखे वाटते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि कंडरा मात्र महिने घेतात. या दोन वेगांमधील अंतरातच बहुतेक चिवट दुखणी जन्माला येतात.

हे ज्ञान मुळात धावपटूंकडून नव्हे, तर सैनिकांकडून मिळाले, ही बाब भरतीच्या संदर्भात उल्लेखनीय आहे. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने लांबच्या कूचीनंतर सैनिकांच्या पावलांना येणारी वेदनायुक्त सूज नोंदविली. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यानंतर, १८९७ मध्ये त्या सुजेमागे पावलातील हाडांचा अस्थिभंग असल्याचे दिसून आले. आज त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर असे म्हणतात. धावपटूंमध्ये ते सर्वाधिक प्रमाणात नडगीच्या हाडात आढळते.

दुखणे कसे ओळखावे

सर्व दुखण्यांना 'पाय भरून आला' असे एकच नाव देण्याची पद्धत घातक आहे. दुखण्याची जागा, त्याची वेळ आणि धावताना त्यात होणारा बदल या तीन गोष्टी नीट पाहिल्यास पुष्कळसा उलगडा होतो.

नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात बोटभर नव्हे तर चार-पाच बोटांच्या पट्ट्यात दुखत असेल, धावेच्या सुरुवातीला दुखून पुढे अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा ज्याला शिन स्प्लिंट म्हणतात ते असते. हे हाडाच्या आवरणावर व हाडावर आलेल्या ताणाचे लक्षण होय. ते गंभीर नसले तरी इशारा निश्चितच असतो. याउलट एका बोटाने दाबून दाखविता येईल अशा एकाच बिंदूवर दुखत असेल, धावत गेल्यावर कमी न होता वाढत असेल, पुढे चालतानाही आणि रात्री अंथरुणातही ठणकत असेल, त्या पायावर लंगडीची एक उडी मारताच कळ येत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घेतलीच पाहिजे. अशा वेळी 'एक्स-रे काढला, त्यात काही नाही' हे उत्तर पुरेसे नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही भेग पुष्कळदा दिसतच नाही. एमआरआय तपासणीत ती दिसते. त्यासाठी नांदेड किंवा लातूर गाठावे लागते. खर्चामुळे ही तपासणी टाळली जाते, हे समजण्यासारखे आहे. परंतु तपासणी झालेली नाही आणि दुखणे मात्र वरीलप्रमाणे आहे, अशा स्थितीत हाड मोडत आले आहे असेच धरून वागावे लागते. मांडी व खुबा यांच्या सांध्याजवळ, म्हणजे जांघेत खोलवर दुखणे. नडगीच्या पुढच्या कडेवर मधोमध दुखणे. आणि पावलाच्या कमानीच्या वरच्या भागात दुखणे, या तीन जागा विशेष धोक्याच्या आहेत. तेथील भेग सहजी भरत नाही, आणि खुब्याजवळचे हाड पूर्ण मोडल्यास शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही.

टाचेच्या वरच्या जाड कंडरेचे, म्हणजे अकिलीस कंडरेचे दुखणे वेगळे असते. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले ती जागा आखडलेली वाटते, हालचालीनंतर सैल होते आणि जास्त धावल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा आखडते. टाचेच्या तळाशी, अंथरुणातून उठून जमिनीवर पाऊल ठेवताच सुई टोचल्यासारखे दुखणे हे तळपायाच्या पट्ट्याचे असते. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर ते जिना उतरताना किंवा उकिडवे बसल्यावर वाढते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे बहुधा ठरावीक अंतरानंतर सुरू होते आणि उतारावर तीव्र होते. कंधार, मुखेड, लोहा परिसरातील घाटवळणाच्या रस्त्यांवर धावणाऱ्यांना त्याची ओळख असते.

कारणांचा विचार

धावणाऱ्यांमध्ये दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. हा नियम वाटतो तितका भक्कम नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा नियम पाळणारे व न पाळणारे या दोन्ही गटांत सुमारे वीस टक्के लोकांना इजा झाल्याचे आढळले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासातून अधिक उपयुक्त माहिती हाती आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी घेतलेली उडी अधिक धोक्याची ठरते. गेल्या तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक अंतर एकाच दिवशी धावल्यास इजेचा संभव वाढतो, असे त्यातून दिसून आले. भरतीची जाहिरात निघाली, किंवा महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर निवड चाचणीची तारीख लागली की दुसऱ्याच दिवशी पाचाचे दहा किलोमीटर करणे, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत नेमकी या धोक्यात बसते.

दुसरे कारण जमिनीचे आहे. काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे आणि उन्हाळ्यात भेगांचे होते, म्हणून मुले डांबरी रस्त्यावर जातात. रस्ता दोन्ही कडांकडे उतरता असतो. वाहनांच्या भीतीने नेहमी एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि त्याच बाजूचा घोटा, नडगी व गुडघा यांवर वेगळा ताण येतो. जाताना व येताना बाजू बदलणे, शक्य तेथे मुरमाचा सपाट रस्ता निवडणे, हे उपाय बिनखर्ची आहेत. बुटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. महागडा बूट इजा टाळतोच असे नाही; पण तळ झिजून एका बाजूला कललेला बूट बदलणे आणि शर्यतीच्या दिवशी नवा बूट न घालणे, एवढे पुरेसे आहे.

तिसऱ्या कारणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि ते म्हणजे अन्न. पहाटे उपाशीपोटी दहा किलोमीटर, त्यानंतर महाविद्यालय, दुपारी शेतातले काम आणि रात्री पुन्हा व्यायाम, अशा दिनक्रमात खर्च होणारी ऊर्जा आणि मिळणारी ऊर्जा यांचा मेळ बसत नाही. शरीर तेव्हा ज्या कामांवाचून तूर्त निभावते ती थांबविते. हाडांची दुरुस्ती हे त्यांपैकीच एक. मुलींच्या बाबतीत याचे एक स्पष्ट चिन्ह दिसते. मासिक पाळी अनियमित होते किंवा अनेक महिने बंद होते. धावणाऱ्या मुलींमध्ये असे चालायचेच, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः हा हाडांच्या ऱ्हासाचा इशारा असून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिचे गांभीर्य मान्य केले. बहुतेक महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक पुरुष असल्याने मुली हे त्यांच्यापाशी बोलत नाहीत. नडगी दुखते एवढेच त्या सांगतात. त्यामुळे एखाद्या प्राध्यापिकेने किंवा आरोग्यसेविकेने ही विचारपूस करण्याची व्यवस्था असणे, हा कोणत्याही मलमापेक्षा मोठा उपाय ठरेल.

अमेरिकेच्या नौदलातील महिला प्रशिक्षणार्थींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व दिल्याने स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. याचा अर्थ सर्वांनी गोळ्या घ्याव्यात असा नाही. दूध, दही, ताक, तिळाची व कारळाची चटणी, डाळी, शेंगदाणे आणि भाकरीचे पुरेसे प्रमाण हे या भागात सहज मिळणारे आहे. प्रश्न पदार्थांच्या उपलब्धतेपेक्षा प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. धावून आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी झाली पाहिजे.

उरलेले आठवडे

दुखणे सुरू झाले आणि शर्यतीला तीन आठवडे आहेत, अशी स्थिती धरून चालू. थांबल्यास सर्व तयारी वाया जाईल ही भीती कितपत खरी आहे? एडवर्ड कॉईल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नियमित सराव करणाऱ्या व्यक्तींनी सराव पूर्ण थांबविल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांअखेर १६ टक्क्यांनी घटली. म्हणजे तीन आठवडे काहीच न केल्यासही तयारीचा मोठा भाग शिल्लक राहतो. चार-पाच दिवसांच्या विश्रांतीने होणारे नुकसान तर नगण्य असते. शिवाय शर्यतीआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सराव कमी करणे हे निरोगी धावपटूलाही हितावह असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार, दोन आठवडे अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून वेग मात्र तसाच ठेवल्यास कामगिरीत सर्वाधिक सुधारणा होते. दुखऱ्या पायाच्या धावपटूने शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्मे केले, तर त्याने काही गमावले असे नव्हे. जे करावयाचेच होते तेच त्याने केले.

पूर्ण थांबणेही आवश्यक असतेच असे नाही. सायकल हा सर्वांत सोपा पर्याय आहे. गावाकडून कंधारला महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने तीच वाट वेगाने, मधूनमधून दम लागेल अशा गतीने पार केल्यास हृदयाचा व्यायाम होतो आणि नडगीवर आघात होत नाही. दुसरा पर्याय पाण्यातील धावण्याचा. कमरेला किंवा काखेखाली फुगविलेली ट्यूब बांधून, पाय तळाला न टेकविता, खोल पाण्यात धावल्यासारखे पाय मारल्यास चार ते सहा आठवडे क्षमता टिकून राहते, असे प्रशिक्षित धावपटूंवरील अभ्यासांत दिसून आले आहे. त्यासाठी जलतरण तलाव असलाच पाहिजे असे नाही. पायऱ्यांची, पुरेशा पाण्याची विहीर चालते. मात्र पोहता येणाऱ्यानेच आणि सोबत दुसरा पोहणारा असतानाच पाण्यात उतरावे. जगतुंग तलावासारख्या मोठ्या जलाशयात असे प्रयोग करू नयेत.

कंडरेच्या दुखण्यात पूर्ण विश्रांती उलट अपायकारक ठरते, कारण विश्रांतीने कंडरा अधिक दुबळी होते. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये यासाठी एक साधा व्यायाम प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यायची आणि दुसऱ्या पायाच्या साहाय्याने पुन्हा वर यायचे. १५ वेळा याप्रमाणे तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ओसरीच्या पायरीवरही तो होतो. बारा आठवडे हा कालावधी लक्षात घेता, तीन आठवड्यांवरील शर्यतीसाठी त्याचा लाभ मर्यादितच राहणार, हेही मान्य केले पाहिजे. तोवर धावण्याबाबत कारिन सिल्बर्नाग्ल यांच्या २००७ मधील अभ्यासातील मापनपद्धती उपयोगी पडते. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. धावताना व त्यानंतर ती पाचापलीकडे जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच आठवड्यागणिक वाढलेली नसावी. ही सवलत कंडरेच्या दुखण्यापुरतीच आहे. हाडाच्या दुखण्याला ती लावणे ही गंभीर चूक ठरेल.

लेप, बर्फ, गोळी आणि इंजेक्शन

घरगुती उपचारांत आंबेहळदीचा लेप, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, तेलाची मालिश हे प्रकार सर्वत्र रूढ आहेत. जुनाट आखडलेपणात शेकाने आराम वाटतो, त्यास हरकत नाही. मात्र एका बिंदूवर दुखणाऱ्या हाडावर जोराने मालिश करणे आणि ताज्या सुजेवर शेक देणे टाळावे. बर्फाविषयीचे मतही काळानुसार बदलले आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे चार उपचार एकत्र सांगणारे सूत्र अमेरिकी वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया मंदावू शकते, असे सांगून आपले मत बदलले. वेदना कमी करण्यापुरता, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे बर्फ लावावा. त्याने इजा बरी होते असे मात्र मानू नये.

वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात आणि शर्यतीच्या सकाळी घेतल्या जातात. यासंदर्भात ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांचे उदाहरण उद्बोधक आहे. २००३ मध्ये लंडन येथे २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून जागतिक विक्रम करणाऱ्या रॅडक्लिफ २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकाच्या प्रमुख दावेदार होत्या. शर्यतीच्या सुमारे दोन आठवडे आधी त्यांच्या पायाला दुखापत झाली. दाहशामक औषधांचे मोठे प्रमाण घेऊन त्यांनी तयारी सुरू ठेवली. त्या औषधांनी पोट बिघडले, खाल्लेले अन्न अंगी लागेना, आणि सुमारे ३६ किलोमीटरवर त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. पाय शर्यतीपर्यंत पोहोचला. परंतु शरीरात शक्ती उरली नव्हती. त्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, ७ नोव्हेंबर २००४ रोजी, त्यांनीच न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

मराठवाड्यातील उन्हात या गोळ्यांचा आणखी एक धोका संभवतो. घामाने शरीरातील पाणी घटलेले असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. लांब अंतर, ऊन, अपुरे पाणी आणि गोळी हे चारही एकत्र आल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय गोळीने वेदना झाकली जाते, भेग झाकली जात नाही. इंजेक्शनबाबत तर नियमांचीही अडचण आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील औषधांची सर्व प्रकारची इंजेक्शने, सांध्यात दिलेलीही, प्रतिबंधित केली आहेत. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. तालुक्याच्या ठिकाणी सद्भावनेने दिलेल्या इंजेक्शनामुळे आंतरविद्यापीठ स्तरावरील खेळाडू दोषी ठरू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना आपण स्पर्धक असल्याचे आधी सांगणे आवश्यक आहे.

धावावे की थांबावे

निर्णय कोणी घ्यावा हा प्रश्न तांत्रिक नाही. क्रीडाशिक्षकाला संघ पूर्ण करावयाचा असतो. क्रॉसकंट्रीत संघाचे गुण ठरावीक संख्येच्या धावपटूंवर अवलंबून असल्याने एकाच्या माघारीने संघाचे स्थान जाऊ शकते. घरच्यांनी बूट, प्रवास आणि खुराकावर पैसे घातलेले असतात. स्वतः धावणाऱ्याला तर माघार म्हणजे भित्रेपणा वाटतो. या तिघांपैकी एकाचाही विचार वाईट नसतो, आणि तरीही त्यांतून चुकीचा निर्णय होऊ शकतो. यास्तव निर्णयाची कसोटी आधी, डोके शांत असताना ठरविलेली बरी. शर्यतीच्या दहा दिवस आधी दुखऱ्या पायावर लंगडीच्या दहा उड्या वेदनेविना मारता येत नसतील, सपाट रस्त्यावर अर्धा तास भराभर चालून दुखत असेल, किंवा चाल लंगडी झाली असेल, तर ती शर्यत सोडावी. लंगडत धावल्याने दुसऱ्या पायावर नवे दुखणे येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरला धावण्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांची विश्रांती पुरते. ती न घेतल्यास त्याच आठवड्यांचे महिने होतात.

भरतीच्या बाबतीत हिशेब थोडा निराळा आहे. राज्यातील पोलीस शिपाई भरतीत आज पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धाव असते. वयोमर्यादा संपत आलेल्या उमेदवाराला ही संधी पुन्हा येणार नसते. शिन स्प्लिंट किंवा कंडरेचे दुखणे असताना, अंतर कमी करून, सायकलवर दम टिकवून, चाचणीच्या दिवशी तेवढे सहा-सात मिनिटे धावणे हा समर्थनीय धोका म्हणता येईल. मात्र चाचणीपूर्वीचे तीन आठवडे रोज पूर्ण वेगाने १६०० मीटरची 'ट्रायल' घेऊन पाय अजून शाबूत आहे ना, हे पाहत राहणे हा धोका नसून नासाडी आहे.

थांबल्यानंतर परत सुरुवात कशी करावी, याकडे शेवटी वळावे लागते, कारण बहुतेक दुखणी दुसऱ्यांदा होतात ती येथेच. पाच-सहा दिवस अर्धा तास भराभर चालून काही दुखले नाही, आणि त्या पायाच्या चवड्यावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली, की धावण्यास आरंभ करावा. पहिल्या दिवशी एक मिनिट सावकाश धावणे व एक मिनिट चालणे असे दहा वेळा करावे, दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावी. एका आड एक दिवस याच क्रमाने धावण्याचा काळ वाढवीत वीस मिनिटांच्या सलग धावेपर्यंत यावे. अंतर आधी, वेग नंतर आणि उतार सर्वांत शेवटी. दररोज सकाळी अंथरुणातून उठल्यावर नडगीच्या त्या जागी बोटाने दाबून पाहावे आणि वेदनेचे गुण वहीत लिहून ठेवावेत. सलग दोन दिवस आकडा वाढलेला दिसला, तर त्या दिवशी बूट न घालता सायकल काढावी.